साहेबाने हिवताप कसा घालवावा? (फक्त नवशिक्यांसाठी)

अभिनंदन! तुमची मलेरिया अधिकारी म्हणून नेमणूक झाली आहे. साल विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं कुठलंही धरा. इलाखा मुंबई असो, पंजाब असो की बंगाल, खालच्या सूचना सगळीकडे चालतात. बोटीवरून उतरताना तुमच्या सामानात एक सूक्ष्मदर्शक, एक सोला हॅट आणि डासांविरुद्ध पथकं कशी उभारावीत यावरचं रोनाल्ड रॉस यांचं १९०२ सालचं छोटं पुस्तक असेल. हॅट डोक्यावर घाला, सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडा आणि पुस्तक ट्रंकेत तळाशी घालून वर गरम कपडे ठेवा. माणसं नेमा, डबकी बुजवा, पैसा खर्च करा, असं त्यात लिहिलं आहे. माणसं नेमणं जमेल. डबकी पावसाळा येईपर्यंत बुजलेली राहतील. पैशाचा विषय वरिष्ठांकडे काढू नका, चहा गार होतो.

शास्त्र आधी आटपून घेऊ, ते सोपं आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रॉस यांनी एका ठिपकेदार पंखांच्या डासाचं पोट फाडलं आणि त्यात हिवतापाचा जंतू पाहिला. हा डास ज्याच्या अंगावर पोसला त्या रुग्णाचं नाव हुसेन खान. त्याला दर डासामागे एक आणा मिळाला. नोबेल पारितोषिक १९०२ साली रॉस यांना मिळालं. मधल्या काळात काय झालं तेही ठाऊक असू द्या. शोध लागल्यावर महिन्याभरातच सरकारने रॉस यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला केली. तिथे त्यांच्या कामाचे रुग्ण मिळेनात. तेव्हा शोध लागला तर बदली होईल म्हणून घाबरू नका, न लागला तरी होतेच.

एवढ्या शास्त्रावर कामाला लागता येतं. हिवताप ॲनाफिलीसची मादी पसरवते. ती साचलेल्या पाण्यात अंडी घालते. म्हणजे पाणी कुठे साचलं आहे ते पाहायचं आणि ते कुणी साचवलं याचा शोध घ्यायचा. नवशिक्या इथेच फसतो. त्याला वाटतं की डास जिथे सर्वांत जास्त तिथून सुरुवात करावी. तसं नाही. ज्याच्या दुरुस्तीचा खर्च सरकारी तिजोरीवर पडणार नाही, असंच पाणी आधी शोधावं. बाकीचं सगळं या एका नियमातून आपोआप येतं.

या नियमाला विहीर फार चोख बसते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

मुंबईत हे काम डॉ. चार्ल्स बेंटली यांनी केलं आणि त्यांचा अहवाल १९११ साली निघाला. त्यांना सापडलेला गुन्हेगार ॲनाफिलीस स्टीफेन्साय. हा डास शहरी स्वभावाचा. दलदल, भातखाचर यांची त्याला गरज नाही. विहीर, हौद, गच्चीवरची टाकी, बागेतलं कारंजं, जे काही स्वच्छ आणि स्थिर असेल ते चालतं. आणि मुंबईत वाड्यावाड्यात विहीर. विहारचं पाणी १८६० मध्ये आलं, तानसाचं १८९२ मध्ये, तरी लोकांनी विहिरी सोडल्या नव्हत्या. नळाचं पाणी कुठून येतं, वाटेत कुणाकुणाचा हात लागतो, हे कुणाला ठाऊक? विहीर आजोबांनी खणलेली, दारातली, सोवळ्यात चालणारी.

विहीर तपासायची कशी, हे हाताखालच्या माणसाकडून शिकून घ्या. बादली धप्पकन सोडायची नाही. पाणी हललं, नुसती सावली पडली तरी अळ्या बुडी मारतात. दोर हळू सोडून बादली कडेला न्यायची, जिथे दगडाच्या सांध्यात शेवाळ धरलेलं असतं आणि पिंपळाची चार पानं तरंगत असतात. तिथे ती तिरकी करून वरवरचं पाणी आत ओढायचं. मग वर घेऊन पांढऱ्या थाळीत ओतायचं आणि गप्प उभं राहायचं. जरा वेळाने केरासारखं काहीतरी वर येतं. ते पृष्ठभागाला चिकटून आडवं पडलं तर ॲनाफिलीस, आणि डोकं खाली करून लोंबकळलं तर क्युलेक्स. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला यायचं. उत्तम काम आहे हे, यात थट्टा नाही. स्टीफेन्साय विहिरीत होताच, आणि विहिरी झाकल्यावर ताप कमी होतो हेही खरं. सगळंच खोटं असतं तर तुम्हाला नोकरी करणं इतकं सोपं गेलं नसतं.

अळी सापडली की नोटीस. विहीर बुजवा, नाहीतर डास जाणार नाही अशी झाका, खर्च मालकाचा. नोटीस तुम्ही सही करायची, न्यायची मात्र देशी इन्स्पेक्टरने. तो बिचारा मॅट्रिक झालेला, अंगात काळा कोट, हातात छत्री. गिरगावात त्याच्यावर जो प्रसंग येतो त्याचा नमुना पुढे दिला आहे. पाठ करून ठेवा, म्हणजे त्याचा रिपोर्ट वाचताना हसू येणार नाही.

‘आजी, विहीर बुजवावी लागेल.’

‘कुणाची रे?’

‘तुमचीच. पाण्यात अळ्या निघाल्यात.’

‘निघतील नाही तर काय, पाणी आहे ते. तुझ्या साहेबाच्या बंगल्यात कारंजं आहे म्हणतात. त्यात मोती निघतात वाटतं?’

‘ते माझ्या वॉर्डात येत नाही, आजी.’

‘बरं. या विहिरीत साती आसरा आहेत, ते तरी तुझ्या वॉर्डात येतं का? माझ्या सासूबाई दर अवसेला त्यांना दहीभात ठेवायच्या, मी ठेवते. विहीर बुजवलीस तर त्या राहायला कुठं जातील? तुझ्याकडे?’

‘आजी, मला वर रिपोर्ट द्यावा लागतो हो.’

‘दे की. लिही, म्हातारी नाही म्हणाली. आणि हे बघ, उन्हाचा आलायस, बस. पाणी घे. विहिरीचंच आहे.’

इन्स्पेक्टर ते पाणी पितो. रिपोर्टात लिहितो, ‘मालकीण धार्मिक कारणास्तव राजी नाही.’ तुम्ही त्यावर लाल पेन्सिलीने ‘अंधश्रद्धा’ असं लिहायचं आणि फाइल पुढे सरकवायची. पारशी मालकांचं म्हणणं वेगळं असतं. विधीचं पाणी वाहतं किंवा विहिरीचं हवं, आणि त्यावर ऊन पडलं पाहिजे. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अशा श्रद्धेवर आजवर टिकून आहे. ही मंडळी इंग्रजी उत्तम लिहितात, वकील ठेवतात आणि कॉर्पोरेशनमध्ये बसतात, त्यामुळे त्यांच्या अर्जावर लाल पेन्सिल वापरू नये.

हे सगळे अर्ज वाया गेले असं मात्र समजू नका. पालिकेत काम केलेले रुस्तम मसानी या विहीरमालकांच्या हरकतींनी इतके गुंतले, की त्यांनी विहिरींच्या लोककथांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९१८ साली निघालं. मुंबईच्या मलेरिया मोहिमेतून निघालेलं सर्वांत वाचनीय साहित्य तेच, असं माझं प्रामाणिक मत आहे. तुमचा अहवाल त्याच्या जवळपासही जाणार नाही.

शेवटी तडजोड निघते. विहिरीवर तारेच्या बारीक जाळीचं झाकण आणि त्यात बादली जाईल एवढं दार. ऊन आत जातं, डास बाहेर येत नाही, आसरांचीही अडचण होत नाही. दाराची कडी पहिल्याच पावसाळ्यात गंजते, आणि मग दोर ओढणाऱ्या बाया दारात वीट अडकवून ते उघडंच ठेवतात. तुमच्या रजिस्टरात मात्र त्या रकान्यापुढे ‘झाकली’ अशी नोंद असते.

आता एक पथ्य. विहिरी मोजत असताना पूर्वेकडच्या बंदरावर नजर जाऊ देऊ नये. तिथे याच वर्षांत अलेक्झांड्रा गोदीचं काम चालू आहे. ती १९१४ मध्ये पुरी होईल. प्रचंड खोदकाम, ठिकठिकाणी साचलेलं पाणी, आणि घाटावरून, कोकणातून आलेले हजारो मजूर उघड्यावर झोपलेले. त्यातल्या कुणाच्या तरी रक्तात जंतू आहेच. डासाला आणखी काय हवं? परंतु गोदी ही प्रगती आहे, आणि प्रगतीला नोटीस बजावायला इन्स्पेक्टर छत्री घेऊन जात नसतो.

मोजमापाचा दुसरा धडा पोटाचा. हिवताप मुरला की प्लीहा फुगते, आपल्याकडे तिला पाणथरी म्हणतात. शाळेत जा, मुलांना रांगेत उभं करा, सदरा वर करायला सांगा. डाव्या बरगडीखाली बोटं जरा आत दाबा आणि मुलाला श्वास घ्यायला सांगा. गोटीसारखी कड बोटाला लागली की पाणथरी आहे. किती बोटं खाली उतरली ते लिहा. काही पोरांच्या पोटावर त्याच जागी गोल, चकचकीत वण दिसतील. पाणथरी जावी म्हणून घरच्यांनी तापल्या लोखंडाने दिलेले डाग ते. त्यांच्यासाठी रजिस्टरात रकाना नाही. शंभरात किती पोटं भरली ती टक्केवारी काढा, तो तुमचा प्लीहा-दर.

ही युक्ती कुणी काढली ते नवशिक्यांना सहसा सांगत नाहीत. १८४० च्या दशकात कर्नालची लष्करी छावणी तापाने इतकी पिडली की ती सोडून द्यावी लागली. शेजारून पश्चिम यमुना कालवा जात होता. कालव्यामुळे ताप वाढतो का हे पाहायला समिती नेमली. त्या समितीतले डॉ. डेम्प्स्टर गावोगाव माणसांची पोटं चाचपत फिरले आणि १८४७ च्या अहवालात आकडे आले. कालव्याने पाण्याचा नैसर्गिक निचरा अडवला तिथे पाणथऱ्या जास्त. म्हणजे पाणथरी मोजायला सुरुवात झाली ती सरकारी कालव्याची चौकशी करताना. पुढे मोजणं वाढत गेलं आणि चौकशी मागे पडली.

पाणथरीचा आणखी एक उपयोग वसाहतीत झाला, तो कोर्टात. फुगलेली पाणथरी नाजूक असते, बुक्क्याने, लाथेने फुटते आणि माणूस आतल्या आत रक्त वाहून मरतो. त्यामुळे नोकर किंवा मजूर गोऱ्या माणसाच्या हातून मेला, की डॉक्टर साक्ष देत, ‘पाणथरी रोगट होती.’ आग्र्याचा खटला प्रसिद्ध आहे. फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाची गाडी एका रविवारी वेळेवर जुंपलेली नव्हती. त्याने कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारलं. कटवारू पाणथरी फुटून मेला. मॅजिस्ट्रेटने फुलरला तीस रुपये दंड केला. हा प्रकार इतका उघडा होता की १८७६ साली खुद्द व्हाइसरॉय लिटन यांनी मॅजिस्ट्रेटला जाहीर खडसावलं, आणि त्यावर इथल्या गोऱ्या समाजाने लिटन यांच्यावरच तोंडसुख घेतलं. हिवतापाने मृत्यू म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायचं तर कटवारूची नोंद कोणत्या रकान्यात करायची याचा विचार करून पाहा.

औषधाकडे वळू. कोयनेल. सरकारने नीलगिरीवर आणि दार्जिलिंगजवळ मंगपूला सिंकोनाचे मळे लावले, कारखाने घातले आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीतून कोयनेलची पुडी एका पैशाला विकायला काढली. कल्पना सुंदर आहे, यात शंकाच नाही. पोस्टमास्तर एका हाताने तिकीट देतो, दुसऱ्या हाताने पुडी. पुडीत पाच ग्रेन. नीट बरं व्हायला अशा कितीतरी पुड्या दिवसेंदिवस घ्याव्या लागतात, म्हणजे तापाने मजुरी बुडालेल्या माणसाने पैसा-पैसा करत आठवडाभर पोस्टात जायचं. तो जात नाही. शिवाय कोयनेल भयंकर कडू. पोर ते गिळतं, आईचं लक्ष गेलं की थुंकतं आणि वर गुळाचा खडा मागतं. कानात घंटा वाजल्यासारखं होतं ते वेगळंच. खप कमी झाला की ‘जनता अडाणी’ असं लिहा. खप वाढला तर मात्र पंचाईत आहे, कारण दोन्हीकडचे मळे मिळून देशाला पुरेल इतकं कोयनेल कधीच निघालं नाही, आणि जगातलं बहुतेक कोयनेल डच लोकांच्या जावा बेटावरून येतं. म्हणून लोकांना कोयनेलचं महत्त्व पटवून द्या, पण फार पटवू नका.

स्वतःची काळजी घ्या. वसाहतींमधल्या गोऱ्यांसाठी स्टीफन्स आणि ख्रिस्तोफर्स या जोडीने एक उपाय सुचवला होता. जंतूंचा साठा देशी मुलांच्या रक्तात असतो, तेव्हा गोऱ्यांनी त्यांच्यापासून दूर राहावं. अंतर पाव मैल धरत. सिएरा लिओनमध्ये तर फ्रीटाउनच्या वरच्या टेकडीवर १९०४ मध्ये गोऱ्यांसाठी वेगळी वसाहत बांधली आणि तिथपर्यंत आगगाडी नेली. भारतात सिव्हिल लाइन्स आधीपासूनच होत्या, त्यामुळे इथे हे शास्त्र नंतर आलं आणि बंगले आधी. तुम्ही मच्छरदाणी लावून झोपा. पंखा ओढणारा व्हरांड्यात, मच्छरदाणीबाहेर, रात्रभर दोरी ओढत बसलेला असेल. त्याला ताप आला तर दुसरा ठेवा.

कधीतरी डासच मारून पाहावेत अशी उबळ येईल. तेव्हा मियाँमीर आठवा. लाहोरजवळच्या या छावणीत १९०२ पासून काही वर्षं डास निर्मूलनाचा प्रयोग चालला. छावणीतून बागांना पाणी देणारे कालव्याचे पाट वाहत होते. ते सुरू, डास सुरू आणि प्रयोगही सुरू. शेवटी निष्कर्ष निघाला की डास मारणं भारतात जमण्यासारखं नाही. रॉस विलायतेहून ओरडत राहिले की हा प्रयोग धड केलाच नव्हता. पुढे १९०९ च्या ऑक्टोबरात सिमल्याला मलेरिया परिषद भरली. सिमल्याला हिवताप नाही, त्यामुळे तिथे चर्चा शांतपणे होते.

काही विषय अहवालात घालूच नयेत, त्यांची यादी तोंडपाठ हवी. एक, रेल्वेचे बांध. बंगालमध्ये बर्दवानच्या तापावर १८६४ साली समिती नेमली. तिच्यातले दिगंबर मित्र म्हणत होते की बांधांनी गावांचं पाणी तुंबवलं. त्यांचं कुणी फारसं ऐकलं नाही. मग मुंबईच्या विहिरींवर बोट ठेवणारे आपले बेंटली बंगालचे आरोग्य संचालक झाले आणि १९२५ साली त्यांनी पुस्तकच लिहिलं. बांधांनी नद्यांचा गाळाचा पूर शेतापर्यंत येऊ दिला नाही, जमीन नापीक झाली आणि ताप वाढला, असं त्यांनी मांडलं. माणूस एकच, शास्त्रही तेच. पण मुंबईतल्या विहिरी झाकल्या गेल्या आणि बंगालमधले बांध जागचे हलले नाहीत.

दुसरा विषय धान्याचा भाव. याच्याजवळ तर अजिबात जाऊ नका. १९०८ च्या शरद ऋतूत पंजाबात ताप असा पसरला की दोन-तीन महिन्यांत अंदाजे तीन लाख माणसं गेली, अमृतसरमध्ये व्यवहार बंद पडले. ख्रिस्तोफर्स यांनी पुढे त्याचा अभ्यास केला, तेव्हा पावसाच्या आकड्यांशेजारी त्यांनी धान्याचे भाव मांडले. भाव चढलेले असताना जोराचा पाऊस झाला की ताप माणसं मारतो. डास दोन्ही वेळी तेवढेच चावतात, पण मरतो तो उपाशी माणूस. १९११ साली हे सरकारी खर्चाने छापलं गेलं. त्यानंतर गहू स्वस्त झाला नाही, कोयनेलच्या पुड्यांची सोय मात्र वाढली. ख्रिस्तोफर्स हे सरकारचे माणूस आणि पहिल्या प्रतीचे शास्त्रज्ञ होते. अहवालातला हा भाग नवशिक्यांना वाचायला देत नाहीत, कारण भाव खाली आणायला कुणाला नोटीस बजावायची हे मग ठरवावं लागतं.

अहवालाचं लेखन सोपं असतं. प्रस्तावनेत हवामान, मग पाऊस, मग डासांच्या जाती, मग लोकांचा स्वभाव. स्वभावाचं प्रकरण लांब लिहावं, त्याला खर्च नाही. नकाशे रंगीत ठेवा. शिफारशी अशा लिहा की त्या मान्य करायला कुणाची हरकत नसेल आणि अमलात आणायची कुणाला घाई नसेल. तुमच्या अहवालाची काळजी करू नका, तो जपून ठेवला जातो. मुंबईचाच दाखला घ्या. बेंटली येऊन गेले, आणि १९२८ साली मेजर गॉर्डन कोव्हेल यांना पुन्हा त्याच शहरात तोच ताप शोधायला पाठवलं. त्यांनाही स्टीफेन्सायच भेटला, विहिरींत आणि टाक्यांत. आजही मुंबईत गच्चीवरच्या टाकीला डास शिरणार नाही असं झाकण आणि तपासणीसाला चढायला शिडी लागते, नाहीतर पालिकेची नोटीस येते. ती नोटीस हातात पडली की सोसायटीचा सेक्रेटरी जो चेहरा करतो, तो त्या आजींच्या घराण्यातला वाटतो.

बदलीचा हुकूम आला की चार्ज द्यायचा असतो. सामानाची यादी इन्स्पेक्टरकडून करून घ्या आणि स्वतः ताडून पाहा: सूक्ष्मदर्शक एक, काचपट्ट्या दोन डझन (पैकी फुटक्या सात), पांढऱ्या थाळ्या चार, दोरासह बादल्या तीन, घासलेटचे डबे, शिडी एक, नोटिसांची कोरी पुस्तकं भरपूर. शिडीची खालून तिसरी पायरी मोडकी आहे. हे शेऱ्याच्या रकान्यात लिहायला विसरलात तर तिचे साडेतीन रुपये तुमच्या पगारातून कापून घेतील.